मशीन थांबवायचा अधिकार कोणाचा? : आमची वाटचाल

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत 1994 साली दोन लेथ आणि एक रेडियल ड्रिल घेऊन आमचं शॉप सुरू झालं. आज चार सीएनसी टर्निंग सेंटर आणि सात व्हीएमसी (संगणकावर चालणारी उभी मिलिंग मशीन) आहेत. मधली बरीच वर्षं माल वेळेवर गेला, पगार वेळेवर झाले. लिहायचं आहे ते 2013 च्या मे महिन्याबद्दल. त्या महिन्यात शॉप बंद पडायच्या बेताला आलं होतं, आणि त्याचं खरं कारण मशीनमध्ये नव्हतं.

पार्ट होता बेअरिंग हाउसिंग. एसजी आयर्न 450/10 (एक प्रकारचं चिवट ओतीव लोखंड), वजन सव्वातीन किलो, 6206 बेअरिंग बसायचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक: 62 एच7, म्हणजे 62.000 ते 62.030 मिलिमीटर. गिऱ्हाईक जर्मन. कास्टिंग ड्राय, म्हणजे कूलंटशिवाय चालतं, त्यामुळे फिक्स्चरमधून (तुकडा पकडायच्या साच्यातून) निघालेला तुकडा हवेपेक्षा वीसेक अंश गरम असतो. लोखंड अंशाला मीटरमागे साधारण 11 मायक्रॉन फुगतं. 62 मिलिमीटरवर वीस अंशांचे झाले जवळजवळ 14 मायक्रॉन. गेजवर 62.008 दिसलेला बोअर थंड झाल्यावर 61.994 होतो. त्यात इन्सर्ट (कापायची धारदार टीप) झिजला की बोअर आणखी लहान येतो. दोन्ही चुका एकाच दिशेला. मे महिन्याच्या हवेला उगाच दोष देतात. गेज आणि तुकडा सारखेच तापलेले असतील तर फारसं बिघडत नाही. बिघडतं ते दोघांच्या तापमानात फरक असला की.

रात्रपाळीच्या पोराला हे पहाटेच कळलं होतं. रॅकवरच्या थंड तुकड्यांत गो प्लग (बरोबर बोअरमध्ये जायलाच हवा असा गेज) जाईना. त्यानं मिस्त्रींना सांगितलं. मिस्त्री म्हणाले, "मालक आल्यावर बघू." मालक दोन दिवस पुण्याला. ट्रक भरला आणि न्हावा-शेवाला गेला. 2,400 तुकड्यांत 1,130 अंडरसाइज निघाले. अंडरसाइज बोअर पुन्हा मारता येतो, पण तुकडे तिकडे आणि फिक्स्चर इकडे. तिथे तासाच्या दरानं सॉर्टिंग, इथून विमानानं बदली माल, वर डेबिट नोट, म्हणजे हा खर्च आमच्या बिलातून कापल्याची चिठ्ठी. बँकेच्या कॅश क्रेडिटची लिमिट तीन आठवड्यांत संपली. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या एका शॉपनं आमच्याच फिक्स्चरची नक्कल करून दोन रुपये कमी दर दिला आणि अर्धी ऑर्डर नेली. त्या फिक्स्चरच्या क्लॅम्पिंगवर आमचे आठ महिने गेले होते. ते अजून विसरलेलो नाही.

गिऱ्हाइकानं 8डी, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि उपाय सांगणारा आठ टप्प्यांचा अहवाल मागितला. मूळ कारणाच्या रकान्यात आम्ही 'ऑपरेटरची चूक' लिहिलं, तो कागद परत आला. पुढे व्हीडीए 6.3, म्हणजे जर्मन वाहन उद्योगाच्या पद्धतीचं प्रक्रिया ऑडिट झालं. 80 टक्क्यांच्या खाली म्हणजे 'सी'. आम्हाला 'सी' मिळाला आणि शेरा होता: नेतृत्व कमकुवत, दोष लपवले जातात. गुण मान्य आहेत. 'लपवले' हा शब्द आजही मान्य नाही. पोरानं सांगितलं होतं. मिस्त्री हुकमाची वाट बघत होते. लपवणं आणि थांबणं यात फरक आहे, आणि तो फरक कळायला दोन्हीकडचे कारखाने आतून बघावे लागतात.

जर्मन बैठकीत ज्युनिअर इंजिनीअर आपल्या साहेबाला सर्वांसमोर "हे चूक आहे" म्हणतो. आमची माणसं हबकली. तिथे टीका ड्रॉइंगवर असते, माणसावर नसते, आणि जेवणाच्या टेबलावर दोघं पुन्हा एकत्र बसतात. याला कायद्याचाही आधार आहे. 1976 च्या कायद्यानुसार 2,000 हून जास्त कामगार असलेल्या कंपनीच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या बाजूच्या. साहेबाला 'नाही' म्हणणं तिथे बंड ठरत नाही.

जपानी गिऱ्हाइकाची रीत अगदी वेगळी. बैठकीत कोणी कोणाला खोडत नाही, कारण मतभेद आधीच एकेकाला भेटून मिटवलेले असतात. त्याला ते नेमावाशी म्हणतात, झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणं. ते 'हाय' (जपानीत 'हो') म्हणतात तेव्हा 'ऐकलं' एवढाच अर्थ धरा, 'मान्य' समजून कास्टिंग मागवू नका. निर्णयाला महिने लागतात, पण झाल्यावर अंमल झपाट्यानं होतो. बैठकीत इतके मवाळ असलेले हे लोक लाइनवरच्या साध्या कामगाराला दोरी ओढून लाइन थांबवायचा अधिकार देतात. वाईट बातमी लगेच वर गेली पाहिजे म्हणून होरेन्सोची सवय लावतात: सांगा, कळवा, विचारा.

डच संशोधक हॉफस्टेड यांच्या मोजपट्टीवर वरिष्ठ-कनिष्ठ अंतराचे गुण भारताला 77, जपानला 54, जर्मनीला 35 आहेत. आकडे खरे वाटतात, पण त्यातून आपलं सगळं वाईट असा अर्थ काढू नये. पाटण्याचे मानसशास्त्रज्ञ जय बी. पी. सिन्हा यांनी भारतीय माणसांसाठी वेगळी वाट मांडली: आधी माया आणि कामाची शिस्त दोन्ही द्या, मग हळूहळू निर्णय सोपवा. आमच्याकडे मुलीच्या लग्नाला ॲडव्हान्स मालकच देतात, दवाखान्यातही मालकच जातात. 2013 मध्ये दोन महिने अर्धा पगार झाला, तरी एकही माणूस सोडून गेला नाही. ही ताकद मोडून जर्मन पद्धत चिकटवली असती तर दोन्हीकडून गेलो असतो.

मशीन थांबवायला प्रत्येक मशीनवर लाल बटण आणि लाल दिवा बसवला. पहिले तीन महिने बटण कोणी दाबलंच नाही. कारणं दोन. इन्सेंटिव्ह तुकड्यांवर होता, म्हणजे थांबलं की पोराचेच पैसे जायचे. दुसरं, वीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रींना काल आलेल्या पोरानं मशीन थांबवणं अपमानाचं वाटायचं. थांबलेला वेळ पगारी धरला आणि अधिकार वाटून दिला: थांबवायचं ऑपरेटरनं, पुन्हा सुरू करायचं फक्त मिस्त्रींनी. मिस्त्रींचा मान राहिला. थांबलेल्या मशीनकडे मालक सर्वांत आधी जात नाहीत, हा तिसरा नियम, आणि तोच पाळायला सर्वांत अवघड.

आता दर दहावा तुकडा सरफेस प्लेटवर मास्टर रिंगांशेजारी (गेज सेट करायच्या नेमक्या मापाच्या कड्यांशेजारी) वीस मिनिटं ठेवतो, म्हणजे दोघांचं तापमान सारखं होतं. एअर गेज 62.000 आणि 62.030 अशा दोन रिंगांवर सेट करतो. इन्सर्ट 120 बोअरला बदलायचा, धार चांगली दिसली तरी. लाल दिवा लागला की शेवटच्या ओके तुकड्यापासूनचा सगळा माल लाल क्रेटमध्ये. नव्या शॉपवाल्यांना सांगणं आहे: दिवा विकत घेण्याआधी इन्सेंटिव्हचा तक्ता बदला. आणि पहिल्यांदा बटण दाबणारा पोरगा चुकीचा निघाला तरी त्याला सर्वांसमोर शाबासकी द्या. तिथे एकदा ओरडलात तर पुढची दोन वर्षं बटणावर धूळ बसेल.

सांगलीकडचे एक पंपवाले शेठ 1996 पासून आमचे गिऱ्हाईक. त्या मे महिन्यात त्यांनी तीन महिन्यांच्या मालाचे पैसे आगाऊ पाठवले. करार नाही, ऑडिट नाही, फक्त फोन: "माल सावकाश द्या, पण माणसं काढू नका." जर्मन गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या ऑडिटला आम्हाला 84 मिळाले, म्हणजे 'बी'. जुना शेरा मात्र त्यांच्या फाइलीत तसाच आहे. शेठांच्या पंपाचा इम्पेलर आजही त्या 1994 च्या लेथवर चालतो, आणि त्या लेथवरही लाल बटण आहे.