खर्रा, पोट्टे आणि जेवणाचा डबा

आमच्या चंद्रपूरकडे शाळेत व्यसनमुक्तीचा कार्यक्रम म्हटलं की ठरलेलं असतं, बाहेरून कोणीतरी येणार, गांजा, ब्राऊन शुगर, एमडी (मेफेड्रोन नावाची नशेची पावडर) यावर तासभर बोलणार, पोरं हात पुढे करून शपथ घेणार, फोटो ग्रुपवर जाणार आणि झालं. एमडी हा शब्दच आमच्या निम्म्या पोरांना त्या भाषणात पहिल्यांदा कळतो. आणि तिकडे मुतारीच्या मागे खर्ऱ्याच्या पन्न्या पडलेल्या असतात त्याकडे कोणी बघत नाही, कारण खर्ऱ्याला आमच्याकडे कोणी नशा म्हणतच नाही ना!

पश्चिम महाराष्ट्रातल्या लोकांसाठी सांगते, तुमचा मावा तसा आमचा खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत टाकून पानठेल्यावर घासघासून घोटून देतात. राज्यात गुटखाबंदी २०१२ ला आली, पुढे खर्रा-मावाही बंदीत आले, पण घोटण्याचा आवाज काही थांबला नाही. १३ ते १५ वयाच्या मुलांचा देशपातळीवरचा २०१९ चा तंबाखू सर्व्हे आहे, त्यात तोंडात धरायचा तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी तो वयाच्या दहाव्या वर्षाच्या आधीच सुरू केलेला निघाला. म्हणजे आपण आठवीत भाषण देतो तेव्हा गाडी कधीच निघून गेलेली असते.

बरं, ओळखायचं कसं? दप्तर तपासून नाही. पन्नी मोज्यात जाते, कंपासपेटीत जाते, मित्राकडे जाते, पोट्टे आपल्यापेक्षा हुशार आहेत. मी डबा बघते. ठेचा, चिवडा, साधी तिखट भाजीसुद्धा ज्याला झोंबते, जो वरण-भात तेवढा खातो आणि बाकी मित्राला देतो, त्याच्याकडे लक्ष ठेवते. सुपारीनं तोंडाच्या आतली चामडी हळूहळू कडक होत जाते, आधी जळजळ, मग तोंड उघडणंच कमी होतं. नीट तोंड उघडलं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी आत गेली पाहिजेत, दोनच जात असतील तर दाताच्या डॉक्टरकडे न्यायचंच. कडक झालेली चामडी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही आणि पुढे कॅन्सरची भीती राहते ती वेगळीच. आणि हो, हे मुख्यतः सुपारीचं काम आहे, त्यामुळे "मी तंबाखू नाही खात, गोड सुपारी खातो" वाल्यांनी खूश व्हायचं कारण नाही.

बाकी खुणा म्हणजे हजेरीला "यस मॅडम" ऐवजी नुसतं "हूं", सारखं थुंकायला बाहेर, मधल्या सुट्टीआधी चिडचिड.

सापडला की प्रार्थनेला उभं करून चारचौघांत बोलणं यानं काहीही होत नाही, उलट तो टोळीत हिरो होतो. मी एकट्याला बसवून दोनच गोष्टी विचारते, दिवसाला किती, आणि सकाळी पहिला कधी. उठल्याबरोबर लागत असेल तर सवय पक्की धरायची. एकानं शांतपणे सांगितलं, "चूळ भरली का लगेच, मॅडम." मिळतो कुठून विचारलं तर म्हणे, "बाबाच आणाले पाठवते ना, त्यातलाच काढतो." आता बोला. अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण इथे देणारा बाप आणि ठेलेवाला आपल्याच सहावीतल्या पोरीचा काका. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री नको हा कायदा २००३ चा, तक्रार केली की ठेला आठ दिवस सरकतो आणि परत येतो. तरी तक्रार करायची, लेखी करायची.

आईबापांना बोलावलं की "तुमचा पोरगा व्यसनी झाला" असं म्हणायचं नाही, ते लगेच पोराला तिथेच मारतात नाहीतर आपल्यालाच भांडतात. "याचं तोंड पूर्ण उघडत नाही, नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवून आणा" म्हटलं की आई नक्की ऐकते. सोडायला मदत हवी असेल तर १८००११२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे, आणि इतर नशेसाठी १४४४६.

एक वेगळी गोष्ट, पण महत्त्वाची. कोणी पंक्चरचं सोल्युशन किंवा व्हाइटनर रुमालात घेऊन हुंगताना दिसला तर ओरडू नका, मागे धावू नका. त्या वासानं हृदयाचे ठोके आधीच नाजूक झालेले असतात, घाबरून पळाला तर जागीच जीव जाऊ शकतो. शांतपणे जवळ जा, रुमाल काढून घ्या, मोकळ्या हवेत बसवा, शुद्ध हरपत असेल तर १०८ ला फोन.

राहता राहिली स्टाफरूम. तिथे टेबलाच्या खणात पन्नी असते आणि पोरांना ते माहीत असतं. मीटिंगमध्ये मी म्हटलं, दरवर्षी आरोग्य तपासणीची टीम येते तेव्हा मुलांसोबत आपलीही तीन बोटं तपासून घेऊ. दोन सर हसले, एक उठून गेले, मुख्याध्यापक म्हणाले विषय पुढच्या वेळी घेऊ. मी तो अजेंड्यावर लिहून घ्यायला लावलाय.