पीएचचा आकडा सरकतो, तो का?

पीएच, म्हणजे द्रव किती आंबट ते, मोजायला काचेचा इलेक्ट्रोड शंभर वर्षं उत्तम चाललाय, मग तुम्ही धातूच्या ऑक्साइडच्या सेन्सरमागे का लागलात? आणि लागलात, तर तुमच्या सेन्सरचा आकडा एका जागी का ठरत नाही? घरच्यांपासून परीक्षकांपर्यंत सगळे हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

पहिल्याचं उत्तर सोपं. काच फुटते, आणि रसाच्या टाकीत फुटली तर माल ओतूनच द्यावा लागतो. अल्युमिना या सिरॅमिकच्या पट्टीवर स्पटरिंगने (निर्वातात अणू उडवून थर चढवण्याच्या पद्धतीने) बसवलेला रुथेनियम ऑक्साइडचा थर फुटत नाही.

गोम दुसऱ्यात आहे. २५ अंश सेल्सिअसला पीएच एकाने बदलला की सेन्सरचं व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलावं, हा आदर्श उतार. प्रबंधांत सगळे तोच मिरवतात. मला त्याचं फारसं कौतुक नाही. उतार तसाच राहून मूळ व्होल्टेज सहा मिलिव्होल्टने सरकलं, तरी पीएच ०.१ ने चुकतो. नव्या थरात पाणी शिरत राहतं, पृष्ठभागावर हायड्रॉक्सिल गट तयार होत राहतात आणि व्होल्टेज घसरत राहतं. म्हणून लोणच्यासारखा तो आधी मुरू द्यायचा, मगच कॅलिब्रेशन, म्हणजे माहीत असलेल्या पीएचच्या द्रावणांशी आकडा जुळवणं.

त्याहून छळतं ते क जीवनसत्त्व. रुथेनियम ऑक्साइड वीज वाहून नेतो, त्यामुळे हायड्रोजन आयनांबरोबर इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाणही त्याला जाणवते, आणि क जीवनसत्त्व तर इलेक्ट्रॉन सहज देतं. बफरमध्ये, म्हणजे ठरावीक पीएचच्या द्रावणात, शहाण्यासारखा वागणारा सेन्सर लिंबाच्या रसात टाका: व्होल्टेज खाली येतं आणि रस आहे त्याहून कमी आंबट असल्याचं दिसतं. उपाय म्हणून वर टँटलम पेंटॉक्साइडचा विद्युतरोधक थर देतात. तो जाड झाला तर प्रतिसाद मंदावतो, फार पातळ राहिला तर सूक्ष्म छिद्रांतून रस आत पोचतो. नॅफिऑन या पॉलिमरचा लेपही सुचवला जातो, कारण तो ऋणभारित आयनांना दूर ठेवतो. दुधात ॲस्कॉर्बिक आम्ल, म्हणजेच क जीवनसत्त्व, ऋणभारित असतं, तिथे हे जमतं. पण लिंबाच्या पीएचला ते बहुतांशी भाररहितच असतं, मग अडवणार कोणाला? दुधासाठी जमलेली युक्ती रसाला चालेलच असं नाही, ते यामुळेच.

आणि दरवेळी दोष ऑक्साइडच्याच माथी का? मोजतो तो दोन इलेक्ट्रोडांच्या व्होल्टेजमधला फरक: एक ऑक्साइडचा, दुसरा तुलनेसाठीचा ‘संदर्भ’, ज्याचं व्होल्टेज स्थिर राहायला हवं. पट्टीवर छापलेल्या चांदी-सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडातलं मीठ हळूहळू पाझरून जातं, नमुन्यातलं क्लोराइड बदललं की त्याचं व्होल्टेजही हलतं. ‘फिल्म (ऑक्साइडचा थर) सरकतेय’ म्हणत कोणी विद्यार्थी आला की मी त्याला फिल्मला हात लावू देत नाही. आधी प्रयोगशाळेतला दुहेरी जंक्शनचा (नमुन्यापासून दोन कप्प्यांनी वेगळा ठेवलेला) संदर्भ इलेक्ट्रोड लावायचा, रात्रभर नोंद घ्यायची, मग बोलायचं.