सीट वजा कंबर

रेडीमेड स्कर्टचं एक ठरलेलं असतं, कंबरेला बसला की सीटवर, म्हणजे नितंबांवर, अडतो आणि सीटला बसला की कंबरेत मूठ जाते. कंपनीने कुठलं तरी एकच प्रमाण धरलेलं असतं, आपण त्यात बसत नाही एवढंच. म्हणून म्हटलं, खाकी कागद, गुण्या आणि टेप घेऊन घरीच ड्राफ्टिंग करू, म्हणजे आपल्या मापाचा पॅटर्न कागदावर आखू.

गणित सातवीतलं आहे. माझी सीट ४१, त्यात हालचालीसाठी २ इंच लूजिंग, चौथा भाग पावणे अकरा. कंबर ३२ अधिक १, चौथा भाग सव्वा आठ. मधले अडीच इंच कुठेतरी जिरवायचे, थोडे साइडच्या शिलाईत, बाकीचे टक्समध्ये, म्हणजे कापड आत घेऊन शिवलेल्या निमुळत्या चिमट्यांत. मागचा टक्स पाचेक इंच लांब आणि पुढचा साडेतीनच, कारण पोट वरच असतं आणि मागचा उभार खाली. सरळ स्कर्टमधली सगळी कारागिरी या अडीच इंचांत आहे असं माझं मत झालंय, बाकी खाली नुसता आयत.

मापं मात्र स्वतःची स्वतः घेऊ नयेत, वाकलं की टेप सरकते. सासूबाईंनी घेतली. आधी कंबरेला नाडी बांधायला लावली, मग नाडीपासून जमिनीपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप सोडली आणि म्हणाल्या, "अगं, डावी बाजू अर्धा इंच जास्त भरतेय तुझी. पोरगं कायम त्याच कडेवर ना?" कारण तेच की आणखी काही देव जाणे, पण फरक खरा निघाला आणि घेर एका बाजूला वर का चढतो ते कळलं. मग कापड घडीवर ठेवून अर्धा पॅटर्न कापायची सोयच गेली, पुढचा भाग अख्खा आखायचा आणि डावीकडे कंबरेच्या रेषेला अर्धा इंच चढवायचा.

आधी मांजरपाटावर कच्चे टाके घालून बघितलं आणि मगच गुळेदगुडचा खण काढला, त्याचा पन्हा मुळात चोळीपुरता, अरुंद, तिथे चुकायला जागाच नाही.

मैत्रिणीला स्कर्ट आवडला, म्हणाली पॅटर्नचा फोटो टाक. म्हटलं, डावीकडचा अर्धा इंच तुला काय करायचाय, रविवारी खाकी कागद घेऊन ये, आमच्या आई मापं घेतील. आणि घट्ट जीन्स घालून येऊ नकोस, त्या परत पाठवतात.