पन्हाळा ते पावनखिंड: ती रात्र शरीराला झेपली कशी?

पावनखिंडीकडे चालत जाणारे बहुतेक जण पुसाटी बुरुजाशी जमतात. मी आधी अंबरखान्यात गेले. गंगा, यमुना, सरस्वती ही गडावरची धान्याची कोठारं. त्यांत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. आतल्या गार अंधारात भिंतीला हात टेकून मी बराच वेळ उभी होते. ज्या प्रश्नासाठी ही वाट चालायची होती, त्याचं निम्मं उत्तर इथेच होतं.

१२ जुलै १६६०, आषाढी पौर्णिमेची रात्र. सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून पडलेला. लहानपणापासून कादंबऱ्यांत आणि पडद्यावर मी पाहत आले ते असं: पोटं खपाटीला गेलेले मावळे महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन धो धो पावसात रात्रभर धावतात आणि दुसऱ्या दिवशी खिंडीत प्रहरच्या प्रहर लढतात. मी आहारतज्ज्ञ आहे, खेळाडूंच्या खाण्याचा हिशेब मांडणं हे माझं रोजचं काम. ते दृश्य पाहताना दर वेळी डोळे भरतात आणि दर वेळी तो हिशेब अडतो.

१९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. वजन सुमारे पाव हिश्श्यानं उतरलं. जिना चढणं जड झालं, भर उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, मन दिवसभर अन्नाभोवती फिरत राहिलं. पन्हाळ्याचा वेढा साधारण १९ आठवड्यांचा. मावळे खरोखर तितके उपाशी असते, तर गडाचा उतार उतरतानाच निम्मे बसले असते. ते बसले नाहीत, म्हणजे ते जेवत होते. कमी असेल, मोजून असेल, पण रोज. कुणीतरी त्या कोठारांतलं धान्य चार महिने नीट पुरवून वाटलं होतं. त्या माणसाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

म्हाळुंग्यावरून चढून मसाई पठारावर आलो तेव्हा ढग अंगावर उतरले होते. दहा पावलांपुढचा माणूस दिसेना. तांबडी माती लोण्यासारखी निसरडी, मधूनच घोटाभर पाणी. इथे धावणं? मी शंभर पावलं धावून पाहिलं, दोनदा घसरले. ते धावले नसावेत, झपाझप चालले असावेत, असं मला तिथेच वाटलं. यात त्यांचा मान जराही कमी होत नाही. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची. जोरात धावलं तर ती दोन-तीन तासांत सरते, मग पाय शिशाचे होतात. एका लयीत चाललं तर शरीर चरबीवर पुष्कळ काम भागवतं आणि तो साठा बारीक माणसाकडेही दिवसभर पुरेल एवढा असतो. रात्रभर टिकतो तो चालणारा. पालखीचंही तेच. सहाशे माणसं होती असं सांगतात, म्हणजे खांदे बदलायला माणसांची वाण नव्हती.

घोड्यांचं काय, हा माझ्या भाच्याचा प्रश्न. पाठलागावर सिद्दी मसूद होता, घोडदळासह. पण कुंभारवाडी, खोतवाडीनंतरच्या वाटेवर घोड्याला मोकळी चाल मिळेल अशी जागा मला फारशी दिसली नाही. दगड, ओढे, चिखलाची भातखाचरं. महाराजांचा वेष घेऊन शत्रूला चकवणाऱ्या शिवा काशीद यांनी जीव देऊन मिळवलेले तास या चिखलानं आणखी लांबवले असणार.

करपेवाडीत मुक्काम. दिवसभर भिजल्यानं दात वाजत होते. अशी थंडी शरीरातली उरलीसुरली साखर खाते, हे मी वर्षानुवर्षं इतरांना सांगत आले आहे. त्या संध्याकाळी ते अंगावर कळलं. ज्यांच्या घरी उतरलो त्या मामींनी खांद्यावर घोंगडी टाकली. लोकर भिजली तरी ऊब धरते. ताटात नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा. मी दोन भाकऱ्यांवर थांबले तर म्हणाल्या, "आगं खा की बाई पोटभर. उपाशी पोटी डोंगूर चढत न्हाई."

दुसऱ्या दिवशी आंबेवाडी, रिंगेवाडी, पाटेवाडी. जंगलात जळवा, पाय जड. पांढरपाण्याला पोचलो तेव्हा अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरलं होतं, तेही एक रात्र झोपून. त्यांना झोप नव्हती. अंधार होता, मागे शत्रू होता.

लोखंडी शिडीनं खिंडीत उतरले. पाण्याचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. पडद्यावर एकटे बाजीप्रभू तासन्‌तास शत्रू कापत राहतात. अंगातलं सगळं बळ लावून केलेली हाणामारी एक-दोन मिनिटांत हात लुळे करते, हे कुठल्याही कुस्तीगिराला विचारा. मात्र ती जागा पाहिली आणि हिशेब सुटला. खिंड अरुंद आहे. तोंडाशी एका वेळी मोजकीच माणसं उभी राहू शकतात, म्हणजे मागच्यांना दम घेता येतो. सहाशेंपैकी खिंडीत थांबलेली तीनशे माणसं आळीपाळीनं पुढे येत राहिली, तर ही खिंड तासन्‌तास लढवता येते. बाजीप्रभूंचा पराक्रम मला तिथे अधिकच मोठा दिसला: रात्रभर चाललेल्या, थंडीनं काकडलेल्या माणसांची ती फळी त्यांनी शेवटपर्यंत तुटू दिली नाही.

मला मात्र राहून राहून दिसत होती ती दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतली माणसं. ओल्या कातळाला पाठ लावून धापा टाकणारी, कमरेच्या शेल्यातून भिजलेल्या भाकरीचा तुकडा काढून शेजाऱ्याला अर्धा देणारी. असं दृश्य कुठे वाचल्याचं मला आठवत नाही.

मामींनी बांधून दिलेली एक भाकरी पिशवीत उरली होती. भाच्याला अर्धी दिली, अर्धी तिथेच उभ्यानं खाल्ली, आणि आम्ही शिडी चढू लागलो.