शेरू नेमका कोणाचा

२० मे

बदलीचा आदेश हातात पडला आणि यांनी पहिल्यांदा विचारलं ते मनीचं. मांजर घराचं, कुत्रं माणसाचं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. तेव्हा शेरू मुकाट्यानं येईल, घोळ घालेल ती मनी, असं धरून आम्ही तयारीला लागलो. जिल्हा तोच आहे, पण केळापूर तालुक्यातून पार दारव्ह्याकडे जायचं. आधी पांढरकवडा, मग यवतमाळ, मग दारव्हा.

आज शेरूला रेबीजची सुई द्यायला ढोरांच्या दवाखान्यात गेलो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की पहिली, मग दरवर्षी. याची यंदाची राहिली होती. तिथेच डॉक्टरांना मनीचंही विचारून घेतलं. निघायच्या आधी चार-सहा तास दोघांनाही खायला काही नको, पाणी मात्र थोडं थोडं द्या. नव्या घरी मांजर एकाच खोलीत ठेवायची, दोन-तीन आठवडे बाहेर सोडायची नाही. तिचं जुनं अंथरूण धुवायचं नाही. आणि एक फडकं तिच्या गालावरून फिरवून नव्या घराच्या चौकटीला, तिच्या उंचीवर, घासायचं. मांजर गाल घासते ती आपला वास सोडायला, लाडानं नव्हे, म्हणाले. (थोडं लाडानंही असेल. डॉक्टरांना कुठं मनी माहीत आहे!)

शेजारच्या काकूंनी सुचवलं होतं, क्रोसिनची अर्धी गोळी द्या, निजून राहील. ते सांगितल्यावर डॉक्टर खुर्चीतून उठलेच. पॅरासिटामॉल म्हणजे मांजराला विष, तिच्या शरीराला ते पचवताच येत नाही. काकूंना जाऊन आधी हे सांगितलं. त्यांच्याकडेही एक बोका आहे.

२२ मे

भांडी पोत्यात भरत होते तर पलीकडच्या आजी येऊन उंबऱ्यावर बसल्या.

"मॅडम, तुमी जा. पन बाळ्याले काहून नेता?"

बाळ्या म्हणजे आमचाच शेरू. चहाच्या टपरीवर त्याला काल्या म्हणतात. तिन्ही नावांना तो सारखीच शेपूट हलवतो. सकाळी आमच्याकडे पोळी, शाळा सुरू असली की दुपारी उरलेली खिचडी, सांजेला आजीकडे ज्वारीच्या भाकरीचा कुटका ताकात कुस्करून. झोपायला मात्र आमच्याकडे, बाजेखाली. टिपेश्वरचं जंगल इथून लांब नाही. ते नावाजलं वाघांसाठी, पण कुत्र्याचा खरा वैरी बिबट्या, अंगणातून अलगद उचलून नेतो. म्हणून दिवे मालवायच्या आधी शेरूला आत घ्यायचं, हा घरचा नियमच होता.

तेवढ्यावरून तो आमचा होतो का? रात्री दार उघडणाऱ्याचं कुत्रं, की सांजेला भाकर घालणाऱ्याचं? आजी एकट्या राहतात. पहाटे त्या वावरात निघाल्या की हा पुढं. त्यांच्या पराटीच्या (कापसाच्या वाळल्या काड्यांच्या) ढिगाशी परका माणूस फिरकला की याचं भुंकणं आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

"त्याले कोनं इचारलं?" आजी म्हणाल्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

परवा डॉक्टर बोलता बोलता म्हणाले होते, २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही मोकाट कुत्र्याची नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि जिथून उचललं तिथंच परत सोडायचं, असं आहे. एका जागची कुत्री हलवली की तिथं दुसरी येऊन बसतात. म्हणजे कुत्र्याला गाव असतं हे नियम करणाऱ्यांनाही मान्य. शेरू मोकाट थोडाच आहे, असं मी मनात म्हटलं खरं. पण त्याच्या गळ्यात पट्टा आजवर कधी चढला नव्हता.

शेवटी लेकीनं भोकाड पसरलं आणि आजी उठून गेल्या. निकाल असा लागला. न्याय झाला असं मी म्हणणार नाही.

२४ मे, रात्री

पोचलो. उद्यापासून नवतपा, उन्हाळ्यातले सगळ्यात तापायचे नऊ दिवस, म्हणून पहाटे अंधारातच निघालो. ऊन चढल्यावर छोटा हत्तीच्या पत्र्यावर कुत्रं उभं करणं म्हणजे त्याचे पंजे भाजणं. कुत्र्याला घाम फुटतो तो पंजांनाच, बाकी सगळी मदार जीभ काढून धापण्यावर. म्हणून खाली सतरंजी, तिच्यावर ओलं पोतं, आणि बाजूला हे स्वतः.

मनीला टोमॅटोच्या दोन क्रेटमध्ये घातलं. एक सुलटा, त्याच्यावर दुसरा पालथा, चारी कोपरे सुतळीनं बांधलेले, आत तिचं मळकं गोणपाट, वरून यांचा ओला दुपट्टा. पांढरकवड्यापर्यंत तिनं असा आक्रोश केला की ड्रायव्हरनं गाणी लावायचं सोडून दिलं. नंतर एकदम गप्प. मग मीच दर थोड्या वेळानं जाळीतून बोट घालून बघत होते.

यवतमाळ यायच्या आत शेरू कूलरच्या ताटीवर भडभडून ओकला. बघते तर ज्वारीची भाकर! रात्रीपासून त्याच्या पोटात आम्ही काही जाऊ दिलं नव्हतं. म्हणजे आजींनी निघताना अंधारात गपचूप चारली. हे चिडले, मला मात्र हसू आवरेना.

३१ मे

मनीचं निस्तरलं. आधी कोठीमागे दडून होती, रात्री तेवढी वाटी चाटूनपुसून ठेवायची. आता खिडकीत बसून घरमालकाच्या कोंबड्यांचा अभ्यास करते. मनीचं बापडीचं काय, मांजरी पिल्लांना सात घरं फिरवतातच, आणि आम्हा मास्तर लोकांचंही त्याहून निराळं नाही.

ज्याची काळजी केली नाही, तो शेरूच रुतून बसला. पहिल्या सकाळी जुन्या सवयीनं फाटकाबाहेर गेला, विजेच्या खांबापाशी पाय वर केला, आणि गल्लीतली सगळी कुत्री एकदम अंगावर. आमच्या गावात पोळ्यातून दिमाखात फिरणारा हा, इथं शेपूट पोटाखाली घालून उताणा पडला. तरी डावा कान फाटला. मी झाडणी घेऊन धावले. त्या कुत्र्यांनाही लस टोचलेली असेल याची खात्री काय? म्हणून जखम साबणानं धू धू धुतली आणि इथल्या दवाखान्यातून त्याला पुन्हा सुया सुरू केल्या.

घरमालक म्हणाले, "सांदवाडीतच बांधा. गावची कुत्री नवं कुत्रं लवकर घेत नाईत." तेव्हा घरामागच्या अंगणात बांधायला साखळी आणली. साखळी म्हणजे काय ते त्याला कळत नाही. ऐटीत निघतो, हिसका बसला की थांबतो आणि वळून माझ्याकडे बघतो, मीच मागून धरलंय अशा नजरेनं. खायला पोटभर आहे, तिथल्यापेक्षा जास्तच. पण एकच ताटली, एकच नाव. मला वाटत होतं, त्याचं माणूस सोबत आहे, म्हणजे झालं. तिथं त्याचं अख्खं गाव होतं. ते छोटा हत्तीत कसं घालणार?

८ जून

मृग लागला, पाण्याचा पत्ता नाही. आपल्याकडे शाळा जूनअखेरीला उघडतात, तोवर सकाळ-संध्याकाळ काठी घेऊन त्याला फिरवायला मला वेळ आहे. गल्लीतली एक लंगडी कुत्री कुंपणापाशी येऊन पोळीचा तुकडा घेऊन जाते. ती जवळ असली की बाकीची नुसती गुरगुरतात, पुढं येत नाहीत. कुत्र्यांतही कोणाच्या तरी ओळखीनंच आत जायला मिळतं, असं दिसतंय.

आज आजींचा फोन आला. कानाचं सांगितलं तर म्हणाल्या, "म्या म्हनलं होतं." मग थोडं थांबून, "पोळ्याले आना त्याले. बस्स, दोन दिस."

हे म्हणतात, तिथं एकदा उतरला की हा परत गाडीत चढायचा नाही. मी म्हटलं, नाही चढला तर नाही चढला. लेकीला यातलं अजून काही सांगितलेलं नाही.