पाचवीचे गणित: अपूर्णांकांपाशी थांबायला हवे

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते आठवी हे प्राथमिक शिक्षण असून पाचवी हे त्यातल्या पहिल्या, म्हणजे पहिली ते पाचवीच्या टप्प्याचे शेवटचे वर्ष ठरते, आणि या वर्षाचा खरा कस, माझ्या मते, गणितातील अपूर्णांकांत लागतो. बालभारतीच्या पाचवीच्या पुस्तकात रोमन संख्याचिन्हे, कोन, वर्तुळ, विभाज्य-विभाजक, परिमिती, क्षेत्रफळ असे बरेच काही आहे. पण मुले अडखळतात ती छेद वेगवेगळे असलेल्या अपूर्णांकांच्या बेरजेपाशी.

एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज अनेक मुले दोन पंचमांश अशी लिहितात, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे त्यांना स्वाभाविक वाटते. अशा वेळी नियम सांगण्याची घाई न करता, दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षाही कमी असताना अर्ध्यात भर घालून ते कसे येईल, एवढेच विचारावे. मग कागदाच्या पट्टीचे सहा समान भाग करून तीन आणि दोन भाग रंगवले, की पाच षष्ठांश हे उत्तर मुलाला स्वतःच दिसते आणि समच्छेद करण्याचे कारणही कळते.

शिष्यवृत्ती परीक्षेत एकूण 300 गुणांपैकी 100 गुण गणिताला असतात, त्यामुळे सरावसंचांचा मारा लवकर सुरू होतो. सरावाला माझा विरोध नाही; मात्र पट्टी रंगवण्याआधी तो सुरू होऊ नये, असे मला कळकळीने वाटते. पुढे दशांश अपूर्णांक येतात तेव्हा हीच समज कामी येते.