रेवा वाटत नाही

बुधवार, रात्री

आज ऑडिशन्स झाल्या. मित्राच्या डिप्लोमा फिल्मला मी असिस्टंट. म्हणजे फॉर्म भरून घ्या, चहा सांगा आणि कॅमेऱ्यामागून "नाव सांग, आता डावीकडे बघ, आता उजवीकडे" म्हणत राहा.

कास्टिंगचा मेसेज मित्रानेच लिहिला होता. रेवा: वय २२, आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, शहरी, प्रेझेंटेबल. शांता: वय २५ ते ३०, घरकाम करणारी, सावळी, ग्रामीण लहेजा आवश्यक. खाली नेहमीचं, मानधन नाही, जेवण आणि क्रेडिट मिळेल. पुण्यात हे मेसेज ज्या ग्रुपांवर फिरतात तिथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे, आणि पहिला प्रश्न "पुरुषोत्तम केलंयस का?", म्हणजे कॉलेजांची ती एकांकिका स्पर्धा. खोलीत कोण येणार हे तिथेच निम्मं ठरतं. उरलेलं ठरतं पैशावर. फुकट शूटला तीच पोरं येऊ शकतात ज्यांचं खोलीभाडं घरून येतं. कॉलेज सुटल्यावर दुकानात उभी राहणारी मुलगी मेसेज वाचून पुढे सरकवते. निदान खाडा भरून निघेल एवढं तरी देऊ या, असं मी म्हटलं. बजेट नाही म्हणे. लेन्सच्या भाड्याला मात्र आहे.

दुपारी लातूरकडची एक मुलगी आली. लॉ करते. जिन्यात ती फोनवर आईला "काय करलालीस?" विचारत होती, ते मित्राच्या कानावर पडलं आणि ती नीट बसायच्या आत शांताचं पान तिच्या हातात गेलं. वाक्य असं: "ताईसाब, म्या उद्या येनार न्हाय, पोराला ताप हाय." तिने वाचलं, मग विचारलं, "ही कुठल्या गावची आहे?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शांताला गावच नाही, नुसता लहेजा आहे. रेवाची मात्र गॅलरी, तिथल्या कुंड्या, मगावरचं चित्रसुद्धा लिहून ठेवलंय.

मग तिने रेवाचं पान मागून घेतलं. दिवाळीला घरी येणार नाही, हे रेवा आईला फोनवर सांगते तो सीन. बाकीच्या सगळ्याजणी त्यात रडल्या. ही आईवर खेकसली, आणि त्याच दमात "जेवलीस का?" म्हणाली. ते स्क्रिप्टमध्ये नाही. कट म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

ती गेल्यावर मित्र म्हणाला, "भारी केलं. पण रेवा वाटत नाही."

मग कशी वाटते रेवा? ते त्याला सांगता येईना. शेवटी वैतागून म्हणाला, "आपल्याला गोष्ट सांगायचीय, आरक्षण नाही द्यायचं." वर 'फँड्री' सिनेमाचा दाखला दिला. सोमनाथ अवघडे हलगी वाजवणारा खेड्यातला पोरगा, म्हणून जब्या खरा वाटला, राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. मान्य. पण जब्या तिथे नायक आहे. त्याला शालू आवडते, नवी जीन्स हवी असते, शेवटी त्याचं डोकं फिरतं. आपण अस्सलपणा शोधतो तो मोलकरणीपुरताच. रेवासाठी आलेल्या एकीलाही "तू खरंच आर्किटेक्चरला आहेस का?" असं कुणी विचारलं नाही.

मला पी. के. रोझी आठवली. मल्याळममधल्या पहिल्या चित्रपटाची, 'विगतकुमारन'ची नायिका. १९२८च्या आसपासची गोष्ट. दलित बाईने नायर स्त्रीची भूमिका केली म्हणून लोक चवताळले, तिला गाव सोडून पळावं लागलं. तिने मोलकरीण केली असती तर कुणी दगड उचलला नसता, असं माझं मत. आमच्या खोलीत अर्थात कुणी दगडबिगड घेऊन बसलं नव्हतं. सगळी भली पोरं, "वाटत नाही" एवढंच म्हणणारी.

तासभर भांडून एवढं पदरात पडलं: शुक्रवारी दुसरी फेरी, आणि शेवटच्या दोघींनीही दोन्ही पानं वाचायची. म्हणजे सकाळी आलेली कोथरूडची मुलगी शांताही वाचणार. मेसेजमधलं 'सावळी' आणि 'प्रेझेंटेबल' मी उडवून टाकलं. मित्राने बघितलं, काही बोलला नाही.

लातूरच्या मुलीला शुक्रवारचं कळवलं. तिचं उत्तर आत्ताच आलं: "रेवासाठी असेल तर येते. शांतासाठी असेल तर त्या दिवशी माझी इंटर्नल आहे."